बांधलेली लिंक की वाहती लिंक: डॉक्समध्ये व्हर्जनचा पत्ता कसा निवडायचा

रात्री पावणेतीनला बॅकअपमधून डेटाबेस उभा करायचा होता. रनबुक (अशा वेळी करायच्या कामांच्या पायऱ्यांची नोंद) आमचंच, दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं आणि दिसायला अगदी नीटनेटकं. ‘ठरावीक वेळेपर्यंतची रिकव्हरी करायची असेल तर इथल्या पायऱ्या पाळा’ असं म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डॉक्सची लिंक दिली होती. लिंक उघडली. पानावर सांगितलं होतं की रिस्टोअर कमांड पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमध्ये लिहा, डेटा डिरेक्टरीत रिकव्हरी.सिग्नल नावाची रिकामी फाइल ठेवा आणि सर्व्हर चालू करा. सगळं तसंच केलं. सर्व्हर उठेना. लॉगमध्ये एकच तक्रार होती: रिस्टोअर कमांड नावाचं पॅरामीटर ओळखता येत नाही.

आमचा सर्व्हर पोस्टग्रेस ११ चा होता आणि लिंक ‘करंट’ची, म्हणजे नेहमी ताज्या व्हर्जनकडे नेणारी. रनबुक लिहिलं तेव्हा करंट म्हणजे ११च होतं, आणि त्या वेळच्या पानावर रिकव्हरी.कॉन्फ ही वेगळी फाइल बनवायला सांगितलं होतं. २०१९ च्या १२ व्या व्हर्जनमध्ये ती फाइलच काढून टाकली, तिच्यातली पॅरामीटर्स मुख्य कॉन्फिगमध्ये गेली आणि पान त्याप्रमाणे बदललं. रनबुकमधलं एक अक्षर कुणी हलवलं नव्हतं, लिंक तुटली नव्हती, लिंक तपासणारी स्क्रिप्ट रोज हिरवा टिळा लावत होती. तरी रनबुक चुकलेलं होतं, आणि ते कळायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली.

तेव्हापासून मी डॉक्समध्ये लिंक टाकताना थांबून एक निर्णय घेतो: ही लिंक एका व्हर्जनला बांधायची, की नेहमी ताजं पान दाखवणारी ठेवायची? पहिलीला मी ‘बांधलेली’ म्हणतो, दुसरीला ‘वाहती’. निर्णय कसा घ्यायचा आणि तो टिकवायचा कसा, ते पुढे क्रमाने सांगतो.

पायरी १: हातातली लिंक कुठल्या जातीची आहे ते ओळखा

बहुतेक जण ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता उचलतात आणि चिकटवतात. तो कसला पत्ता आहे हे बघतच नाहीत. सर्च इंजिनने जे पान वर दिलं, तेच डॉक्समध्ये जातं. कधी ते पोस्टग्रेस ९.३ चं निघतं, कधी करंटचं. म्हणजे निर्णय आपण घेतच नाही, सर्च इंजिन घेतं.

पायथनच्या डॉक्समध्ये पत्त्यात ३.१२ असेल तर ती लिंक ३.१२ ला बांधलेली. नुसता ३ असेल तर ती पायथन ३ मधल्या सध्याच्या स्थिर व्हर्जनवर जाते आणि नवं व्हर्जन आलं की पुढे सरकते. ‘डेव्ह’ असेल तर अजून रिलीज न झालेल्या व्हर्जनचं पान. पोस्टग्रेसमध्ये ‘करंट’ आणि १६, १७ असे आकडे. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये ‘स्टेबल’, ‘डेव्ह’ आणि ४.२, ५.२ असे आकडे. रस्टच्या मानक लायब्ररीत ‘स्टेबल’, ‘नाइटली’ आणि पूर्ण नंबर.

या दोन जातींच्या मधली एक तिसरी जात आहे आणि ती फार कामाची आहे. नोडच्या डॉक्समध्ये ‘लेटेस्ट’ असा पत्ता आहे, १८.०.० असा अगदी नेमका पत्ता आहे, आणि ‘लेटेस्ट-व्ही१८.एक्स’ असाही आहे. हा तिसरा १८ च्या मालिकेतलं सर्वांत ताजं पान दाखवतो, पण १९ मध्ये पाऊल टाकत नाही. याला आपण मालिकेची लिंक म्हणू. पायथनची ३.१२ वाली लिंकही खरं तर याच जातीची, कारण ३.१२.१, ३.१२.२ असे दुरुस्तीचे रिलीज आले की तेच पान सुधारत जातं. पोस्टग्रेसची १६ वाली लिंकही तशीच. बांधायची म्हटल्यावर नव्वद टक्के वेळा आपल्याला हीच हवी असते: चुका दुरुस्त झालेलं, पण वागणूक न बदललेलं पान.

आता सापळा. ‘लेटेस्ट’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. रीड द डॉक्स या डॉक्स ठेवायच्या साइटवर ‘लेटेस्ट’ म्हणजे प्रोजेक्टची मुख्य ब्रँच, म्हणजे काल संध्याकाळी कुणी मर्ज केलेलं आणि अजून रिलीज न झालेलं फीचरसुद्धा. तिथे शेवटच्या रिलीजला ‘स्टेबल’ म्हणतात. नोडमध्ये मात्र ‘लेटेस्ट’ म्हणजे शेवटचा रिलीज. डॉक्युसॉरस या डॉक्स बनवायच्या साधनात आणखी वेगळं: डिफॉल्ट मांडणीत ताज्या रिलीजच्या पानाच्या पत्त्यात ना आकडा असतो ना शब्द, रिलीज न झालेलं ‘नेक्स्ट’खाली असतं, आणि जुनी व्हर्जन्स आकड्याखाली. म्हणजे तिथून उचललेला साधा, स्वच्छ दिसणारा पत्ता वाहता असतो आणि तसं वाटतही नाही. शिवाय आजच्या रिलीजला आकड्याचा पत्ता तो जुना झाल्यावरच मिळतो, त्यामुळे आज बांधायची म्हटली तरी बांधता येत नाही. (कंटेनर इमेजमधला ‘लेटेस्ट’ टॅग तर नुसतं डिफॉल्ट नाव आहे, ताजेपणाशी त्याचं काही देणंघेणं नाही. पण ते रडगाणं वेगळं.)

म्हणून लिंक चिकटवण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. पान उघडल्यावर वर कोपऱ्यात कुठला व्हर्जन नंबर दिसतो? आणि मी टाकलेला पत्ता पट्टीत तसाच राहिला, की रिडायरेक्ट होऊन दुसरा झाला? दुसरा झाला असेल तर तुम्ही कुठला कॉपी करताय याकडे लक्ष द्या. कित्येक वेळा माणूस वाहती लिंक द्यायला जातो आणि रिडायरेक्टनंतरचा बांधलेला पत्ता उचलून आणतो.

पायरी २: लिंककडे नाही, लिंक ज्या मजकुरात बसणार त्याच्याकडे बघा

‘या प्रोजेक्टसाठी नेहमी करंट वापरा’ किंवा ‘नेहमी नंबर टाका’ असे सरसकट नियम मी अनेक टीमच्या स्टाइल गाइडमध्ये पाहिले आहेत. ते चालत नाहीत, कारण उत्तर लिंकच्या दुसऱ्या टोकाला नसतं. ते या टोकाला, आपल्या मजकुरात असतं.

स्वतःला विचारायचं ते एवढंच: हा मजकूर गोठलेला आहे की जिवंत? वर्षभराने कुणी हा वाचेल, तेव्हा त्याला ‘तेव्हा काय खरं होतं’ ते हवं असेल की ‘आता काय खरं आहे’ ते? गोठलेल्या मजकुरातली लिंक बांधलेली हवी, जिवंत मजकुरातली वाहती. आणि जिवंत म्हणजे कुणीतरी तो खरोखर वाचून सुधारतोय असा. विकीवर पडून आहे, एडिट बटण आहे, म्हणून तो जिवंत होत नाही. आमचं रनबुक विकीवरच होतं.

ही कसोटी वेगवेगळ्या ठिकाणी लावून बघू.

*कोडमधला एरर मेसेज.* हा सगळ्यात गोठलेला मजकूर. प्रोग्रॅम एकदा बाहेर गेला की त्यातली अक्षरं कुणाच्यातरी मशीनवर पाच वर्षं तशीच राहतात. त्यात वाहती लिंक टाकली तर जुन्या प्रोग्रॅमची तक्रार नव्या प्रोग्रॅमचं उत्तर दाखवते. रस्टचं क्लिपी हे लिंटचं (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं) साधन इथे शिकण्यासारखं आहे. त्याच्या इशाऱ्याखाली ‘अधिक माहितीसाठी इथे बघा’ म्हणून जी लिंक येते, ती क्लिपीच्या रिलीजमध्ये त्या रस्ट व्हर्जनच्या पानाची असते. बिल्डच्या वेळी व्हर्जन नंबर वाचून पत्ता तयार होतो, हाताने कुणी लिहीत नाही. आणि दुरुस्तीचा रिलीज आला तरी पत्ता त्याच मालिकेचा राहतो. म्हणजे मालिकेची लिंक.

तुमच्या कोडमध्ये हे करायचं तर पत्त्याचा साचा एका जागी ठेवा, व्हर्जन त्यात बिल्डच्या वेळी भरा, आणि डेव्हलपमेंट बिल्डसाठी मुख्य ब्रँचचा पत्ता वापरा. याहून चांगला एक मार्ग आहे: मेसेजमध्ये स्वतःच्या डोमेनवरची छोटी लिंक द्या, जिच्यात एररचा कोड आणि व्हर्जन दोन्ही असतील, आणि सर्व्हरवर ती हव्या त्या पानाकडे वळवा. उद्या डॉक्सचं घर बदललं तरी जुने प्रोग्रॅम पोरके होत नाहीत. पण हे रिडायरेक्ट सांभाळायला माणूस लागतो. तो नसेल तर या भानगडीत पडू नका.

*चेंजलॉग, रिलीज नोट, कमिट मेसेज, तिकीट, कोड रिव्ह्यू.* सगळे गोठलेले. बांधा. इथे फार विचार करण्यासारखं काही नाही.

*ट्युटोरियल.* इथे लोक सर्वांत जास्त चुकतात. ट्युटोरियलमधलं कोड एका व्हर्जनवर चालवून बघितलेलं असतं, म्हणजे कोड गोठलेलं आहे. जँगो १.११ च्या काळात लिहिलेलं एखादं ट्युटोरियल घ्या. त्यात पत्त्यांची मांडणी यूआरएल फंक्शनने केलेली आहे आणि लिंक ‘स्टेबल’ची आहे. २.० मध्ये पाथ आलं, आणि ४.० मध्ये जुनं यूआरएल फंक्शन काढून टाकलं. आजचा वाचक लिंक उघडतो, त्याला ते फंक्शन पानावर सापडतच नाही, आणि शिकाऊ माणूस अशा वेळी स्वतःलाच दोष देतो. ट्युटोरियलच्या सुरुवातीला व्हर्जन सांगा आणि आतल्या सगळ्या लिंका त्याच व्हर्जनला बांधा. अपवाद इन्स्टॉल कसं करायचं त्या लिंकचा. ती वाहती हवी, कारण जुन्या व्हर्जनचं इन्स्टॉलेशनचं पान माणसाला जुनं, सुरक्षा दुरुस्त्या बंद झालेलं सॉफ्टवेअर बसवायला लावतं.

*रीडमी.* हा दुतोंडी प्राणी आहे. रेपॉझिटरीत तो मुख्य ब्रँचबरोबर बदलत राहतो, म्हणून जिवंत वाटतो. पण पॅकेज प्रकाशित केलं की त्याची प्रत रिलीजबरोबर जाते. पायपीआय या पायथन पॅकेजांच्या भांडारावर एखाद्या रिलीजचं वर्णन एकदा अपलोड झालं की बदलता येत नाही, दुरुस्तीसाठी नवा रिलीजच काढावा लागतो. म्हणजे २.१ च्या पानावरची ‘कॉन्फिगरेशन इथे बघा’ ही मुख्य ब्रँचकडे जाणारी लिंक काही वर्षांनी ५.० चं कॉन्फिगरेशन दाखवत असते. मी रीडमीत प्रोजेक्टच्या मुख्य डॉक्सची एकच वाहती लिंक ठेवतो, आणि नेमक्या ऑप्शनकडे जाणाऱ्या खोल लिंका रिलीजच्या वेळी स्क्रिप्टने टॅगकडे वळवतो. खोल लिंका जितक्या कमी, तितकं बरं.

*रनबुक.* याला दोन्ही लिंका लागतात. बांधलेली आपल्या चालू व्हर्जनची, आणि शेजारी करंटची, अपग्रेडच्या वेळी तुलना करण्यासाठी. याचा नमुना शेवटी देतो.

*सुरक्षेची सूचना, वापराच्या अटी, पाठिंबा कधी संपतो त्याचं वेळापत्रक.* या वाहत्याच हव्यात. जुनं वेळापत्रक दाखवणं म्हणजे ‘अजून पाठिंबा आहे’ असं खोटं सांगणं. मजकूर गोठलेला असला तरी इथे वाहती, कारण वाचकाला आजचीच गोष्ट हवी आहे.

पायरी ३: लिंकबरोबर शब्दही लिहा

लिंकच्या आजूबाजूचे दोन शब्द बरंच नुकसान वाचवतात. ‘इथे बघा’ असं लिहिण्याऐवजी ‘पोस्टग्रेस ११ च्या डॉक्समधला सतत आर्काइव्ह आणि रिकव्हरीचा भाग’ असं लिहिलं असतं, तर त्या रात्री पानावर दुसरा नंबर बघून आम्ही लगेच थबकलो असतो. भागाचं नाव दिलेलं असलं की लिंक मेली तरी ते नाव शोधून माणूस नव्या जागी पोहोचतो.

वाहती लिंक देताना तर हे जास्तच करायचं. ज्या तथ्यावर आपलं म्हणणं उभं आहे ते तथ्य मजकुरात उतरवून ठेवा: ‘जँगो २.० पासून परकीय कीला ऑन-डिलीट देणं सक्तीचं आहे’. मग लिंक ही फक्त सविस्तर वाचण्याची सोय उरते. उद्या पान बदललं तरी वाचकाला कळतं की आपण काय बघायला आलो होतो.

पायरी ४: कोडच्या ओळीकडे लिंक देताना

मुख्य ब्रँचची फाइल आणि तिच्यातला ओळ क्रमांक, अशी जोडी म्हणजे दोन्हीकडचे दुर्गुण. ब्रँच पुढे सरकते, ओळ क्रमांक तिथेच राहतो, आणि वर कुणी दहा ओळी घातल्या की तुमचं बोट भलत्याच फंक्शनकडे दाखवतं. कुठलाही लिंक तपासणारा प्रोग्रॅम हे पकडत नाही, कारण पान तर उघडतंच.

गिटहबवर फाइल उघडी असताना कीबोर्डवरचं ‘वाय’ अक्षर दाबलं की पत्त्यातलं ब्रँचचं नाव जाऊन तिथे कमिटचा हॅश येतो. मग ओळीवर क्लिक करून पत्ता उचला. रिव्ह्यूमध्ये, तिकिटात, कुणाला चॅटवर दाखवताना हीच सवय ठेवा. फाइल ‘सध्या कशी आहे’ तेच दाखवायचं असेल, उदाहरणार्थ योगदानाचे नियम, तर ब्रँचची लिंक द्या, पण ओळ क्रमांकाशिवाय.

ब्रँचचं नावसुद्धा कायमचं नसतं. गिटहबने ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपॉझिटरीची डिफॉल्ट ब्रँच ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ केली, त्यानंतर जुन्या प्रोजेक्टनीही नावं बदलली. गिटहब नाव बदलल्यावर जुने पत्ते वळवतं, पण कुणी नाव न बदलता नवी ब्रँच काढून जुनी पुसली असेल, तर सगळ्या लिंका गेल्या.

पायरी ५: डॉक्स तुम्हीच प्रकाशित करत असाल तर

आतापर्यंत आपण दुसऱ्याच्या डॉक्सकडे लिंक देत होतो. आता उलट बाजू. तुमच्या डॉक्सकडे कोण, कुठून, कशी लिंक देणार हे तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे ते एवढंच की त्यांना दोन्ही जातींचे पत्ते उपलब्ध करून द्यायचे आणि त्या पत्त्यांचा अर्थ कधीही बदलायचा नाही.

दुसरा भाग महत्त्वाचा, आणि त्यासाठी पायथनचं उदाहरण फार बोलकं आहे. एके काळी पायथनच्या डॉक्सचा बिननंबरी पत्ता व्हर्जन २ ची पानं दाखवायचा. पायथन ३ ला मुख्य करायची वेळ आली तेव्हा २०१२ मध्ये पेप ४३० हा प्रस्ताव आला. पहिल्या पानावर पायथन ३ दाखवायचं, पण आत खोलवर जाणाऱ्या जुन्या बिननंबरी लिंकांचा अर्थ मात्र जपायचा, असं त्याचं सूत्र होतं. कारण जगभरच्या कोडच्या कॉमेंटमध्ये आणि लेखांमध्ये त्या लिंका व्हर्जन २ गृहीत धरूनच दिलेल्या होत्या. एका पत्त्याचा अर्थ बदलण्यासाठी स्वतंत्र प्रस्ताव लिहावा लागला. तुमचा प्रोजेक्ट लहान आहे, तर पहिल्या दिवसापासून पत्त्यात व्हर्जनची जागा ठेवा. एकच व्हर्जन असलं तरी.

मग वाहत्या नावाचं रिडायरेक्ट. ‘स्टेबल’ उघडल्यावर आकड्याच्या पानाकडे पाठवणार असाल, तर एचटीटीपीचा ३०२ वापरा, ३०१ नाही. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवून बसतात. उद्या तुम्ही ‘स्टेबल’ला ४ वरून ५ वर नेलं तरी जुना वाचक सर्व्हरला न विचारता ४ वरच जात राहतो, आणि तुम्हाला ते दिसतही नाही. ३०१ जपून ठेवा, पान खरोखर कायमचं हललं असेल त्या दिवसासाठी.

सर्च इंजिनांसाठी जुन्या व्हर्जनच्या प्रत्येक पानावर कॅनॉनिकल टॅग ठेवा, जो ताज्या व्हर्जनमधल्या त्याच पानाकडे बोट दाखवेल. पायथनचे डॉक्स असंच करतात, आकड्याच्या पानाचा कॅनॉनिकल नुसत्या ३ कडे जातो. ते पान नव्या व्हर्जनमध्ये नसेलच तर कॅनॉनिकल त्याचा त्यालाच ठेवा, मुखपृष्ठाकडे नको. आणि जुनी पानं रोबोट्स फाइलमध्ये अडवू नका. अडवलीत तर सर्च इंजिन ते पान वाचतच नाही, आणि न वाचलेल्या पानावरचा टॅग त्याला कसा दिसणार?

जुन्या पानावर ‘हे जुनं व्हर्जन आहे’ अशी पट्टी सगळेच लावतात, पण तिच्यातली लिंक बहुतेक वेळा डॉक्सच्या दारात नेऊन सोडते. वाचक तीन पातळ्या खाली होता, आता पुन्हा पहिल्यापासून शोध. पोस्टग्रेसच्या पानावर वर व्हर्जन्सची ओळ असते आणि आकड्यावर टिचकी मारली की त्याच विषयाचं पान उघडतं. तेवढं करा. ती ओळ मी त्या रात्री बघायला हवी होती, हेही कबूल.

पान नाहीसं होतं तेव्हा काय? इथेही पोस्टग्रेसची पद्धत मला आवडते. त्यांच्या डॉक्सच्या शेवटी काढून टाकलेल्या किंवा नाव बदललेल्या फीचर्सचं एक परिशिष्ट आहे. पीजी-एक्सलॉगडंपचं नाव पीजी-वॉलडंप झालं, रिकव्हरी.कॉन्फ गेली, तर त्या जुन्या नावांच्या पत्त्यांवर आजही एकेक छोटं पान आहे: हे आता नाही, त्याची जागा अमुकने घेतली, तिकडे बघा. दोन ओळींचं पान, पण जुन्या लिंकवरून आलेल्या माणसाला ४०४ ऐवजी उत्तर मिळतं.

आता अँकर, म्हणजे पानाच्या आतल्या भागाचा पत्ता. बहुतेक साधनं तो शीर्षकावरून आपोआप बनवतात. शीर्षकात एक शब्द सुधारला की अँकर बदलतो, आणि जुनी लिंक पानाच्या डोक्यावर जाऊन पडते, कुठलीही तक्रार न करता. देवनागरी शीर्षकांचं तर आणखी अवघड. एमकेडॉक्स या डॉक्स बनवायच्या साधनाच्या डिफॉल्ट मांडणीत लॅटिन नसलेली अक्षरं गाळली जातात, मग शीर्षकातून काहीच उरत नाही आणि अँकर खालची रेघ आणि १, खालची रेघ आणि २ असे क्रमाने बनतात. स्फिंक्स हे तसंच दुसरं साधनही अशा शीर्षकांना ‘आयडी१’, ‘आयडी२’ अशी नावं देतो. मध्ये एक नवा भाग घातला की खालचे सगळे अँकर एकेक घर सरकतात, आणि ‘बॅकअप’कडे दिलेली लिंक ‘अनइन्स्टॉल’वर उघडते. उपाय सोपा आहे. ज्या भागाकडे लोक लिंक देतील असं वाटतं, त्याला स्वतःच्या हाताने अँकर द्या, आणि शीर्षक कितीही बदललं तरी तो हलवू नका.

पायरी ६: राखण

लिंक तपासणारी साधनं लावाच. स्फिंक्समध्ये लिंकचेक नावाचा बिल्डर आहे, तो अँकरही तपासतो. बाहेरचं साधन हवं तर लिची आहे, पण त्यात अँकरची तपासणी वेगळी सुरू करावी लागते. फक्त ही साधनं काय बघतात ते लक्षात असू द्या: पान उघडतं का, फार तर अँकर आहे का, एवढंच. पान बदललं का, ते त्यांना कळत नाही. म्हणजे ही साधनं बांधलेल्या लिंकांची राखण छान करतात आणि वाहत्या लिंकांबद्दल खोटा दिलासा देतात.

वाहत्या लिंकांसाठी माणूसच हवा, पण सगळ्या वाचायची गरज नाही. ज्या प्रोजेक्टचा मोठा रिलीज आला, त्याच्याकडे जाणाऱ्या लिंका ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) काढा आणि तेवढ्या उघडून बघा. आम्ही हे काम अपग्रेडच्या तिकिटालाच जोडलं आहे. वेगळं ‘डॉक्स तपासणी’चं तिकीट काढलं की ते तीन स्प्रिंट मागे पडतं, अनुभव आहे.

बांधलेल्या लिंकांचं दुखणं उलटं: त्या म्हाताऱ्या होतात. यावर औषध म्हणजे आकडा पन्नास ठिकाणी न लिहिणं. स्फिंक्समध्ये एक्स्टलिंक्स या एक्स्टेंशनने पत्त्याचा साचा कॉन्फिगमध्ये एकदाच लिहिता येतो. तिथला १६ बदलून १७ केला की सगळ्या लिंका एकदम सरकतात, आणि लगेच लिंकचेक चालवला की १७ मध्ये नसलेली पानं पुढे येतात. इंटरस्फिंक्स (दुसऱ्या प्रोजेक्टच्या डॉक्सकडे नावावरून लिंक देणारं एक्स्टेंशन) वापरत असाल तर पायथनचा नुसता ३ वाला पत्ता द्यायचा की ३.१२ वाला, हा तोच निर्णय तिथेही आहे. लायब्ररी अनेक पायथन व्हर्जन्सवर चालत असेल तर मी ३ देतो. वर निटपिकी मोड (न सापडलेल्या नावांबद्दल इशारा देणारा) चालू ठेवला की पलीकडून एखादं नाव गायब झाल्यावर बिल्ड कुरकुर करतं. वाहती लिंक बदलल्याची यंत्राकडून वर्दी मिळण्याची ही एक दुर्मिळ सोय आहे.

जिथे डोकं खाजवायची गरज नाही

आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांक दिलेला दस्तऐवज, एकदा छापलं की बदलत नाही, त्याचा क्रमांक हाच बांधलेला पत्ता. तिथे ताजेपणाचा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो: नव्या क्रमांकाचं आरएफसी जुन्याला रद्द करतं. एचटीटीपीसाठी १९९९ चं २६१६ अजूनही ठिकठिकाणी दाखवलं जातं, पण ते २०१४ मध्येच रद्द झालं आणि २०२२ पासून ९११० हा मूळ दस्तऐवज आहे. क्रमांक लिहिताना पानाच्या डोक्यावर ‘कशाने रद्द केलं’ ती ओळ आहे का, तेवढं बघा.

डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांवर ‘हे व्हर्जन’ आणि ‘ताजं व्हर्जन’ असे दोन पत्ते वरच छापलेले असतात, पहिल्यात तारीख, दुसऱ्यात नाही. एखादं कलम शब्दशः उद्धृत करताना तारखेचा घ्या, एरवी दुसरा. एमडीएन या वेब डेव्हलपरांच्या संदर्भ साइटला तर व्हर्जनच नाहीत. तिथे कुठल्या ब्राउझरमध्ये काय चालतं ते पानाखालच्या तक्त्यात असतं, त्यामुळे वाहती लिंक बिनधास्त द्या.

आता ते रनबुक

दुसऱ्या दिवशी त्या एका ओळीच्या जागी आम्ही हे लिहिलं:

‘आपला सर्व्हर: पोस्टग्रेस ११. पायऱ्या: पोस्टग्रेस ११ च्या डॉक्समधला रिकव्हरीचा भाग (११ ला बांधलेली लिंक). या व्हर्जनमध्ये रिकव्हरी.कॉन्फ लागते. पान उघडल्यावर वर ११ दिसत नसेल तर थांबा. अपग्रेड करताना हे पान करंटशी ताडून बघा (वाहती लिंक) आणि मगच वरचा आकडा बदला.’

पुढे १३ वर गेलो तेव्हा अपग्रेड करणाऱ्या मुलीने दोन्ही पानं शेजारी उघडली, रिकव्हरी.कॉन्फची ओळ काढली, सिग्नल फाइलची घातली, आणि रिकव्हरीचा सराव दिवसाउजेडी करून बघितला. पहिल्याच फटक्यात सर्व्हर उठला. त्यानंतर तिने तिकिटात लिहिलं की ‘वरचा आकडा बदला’ हे वाक्य ठळक करा, ती तेच विसरणार होती.